कुलरहस्याची कादंबरी : एक भाषिक विचार

मराठी रहस्यकादंबरीला वाचकांची वाण कधी पडली नाही. अभ्यासकांची मात्र पडली. बाबूराव अर्नाळकर या नावाने लिहिणारे चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, तरी त्या वाङ्मयाची मीमांसा बहुधा ‘लोकप्रिय’ या एका विशेषणापाशी थांबते. रहस्य लपविण्याच्या कामी मराठी भाषा लेखकाला कितपत साथ देते, हा प्रश्न तर क्वचितच विचारला जातो. कुटुंबात दडपलेले रहस्य हा ज्या कादंबऱ्यांचा विषय असतो, त्यांच्या अभ्यासात हा प्रश्न अटळ ठरतो.

रहस्यकथेत दोन कथा असतात, एक घडून गेलेल्या गुन्ह्याची व दुसरी तिच्या शोधाची, असे त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ साली प्रतिपादिले. कुलरहस्याच्या कादंबरीत पहिली कथा एक पिढी मागे सरते आणि तिचा गाभा एखादे नाते असते. विल्की कॉलिन्सच्या ‘द वूमन इन व्हाइट’ (१८६०) मध्ये सर पर्सिव्हल ग्लाइड आपल्या जन्माचे वैध्य सिद्ध करण्यासाठी चर्चच्या विवाहनोंदवहीत खोटी नोंद करतो. मराठी मुलखात या नोंदवहीचे स्थान नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्या किंवा एखादे दत्तकपत्र घेऊ शकते. परळ-लालबागच्या गिरणगावात, कुटुंब गावी ठेवून राहणाऱ्या कामगाराच्या बाबतीत, मनीऑर्डरीची पावतीही तेच काम करील.

मराठी नातेवाचक शब्द मात्र लेखकाच्या आड येतात. इंग्रजीतील ‘अंकल’ हा शब्द पित्याचा भाऊ की मातेचा, हे सांगत नाही. ‘काका’ व ‘मामा’ हे शब्द ते तत्काळ सांगून टाकतात. रूपांतरकाराला पहिल्याच पृष्ठावर निवड करावी लागते. परंतु याच भाषेने आडोसाही ठेवला आहे. गिरगावातील चाळीत शेजारीण ही ‘मावशी’ व शेजारी हा ‘काका’ असतो. रक्ताची मावशी आणि सौजन्याची मावशी यांना शब्द एकच. तेव्हा खरे नाते सर्वांदेखत उच्चारले जाऊनही गुप्त राहू शकते.

क्रियापदाचीही तीच गोष्ट. ‘तो आला’, ‘ती आली’, इतकेच नव्हे तर ‘मी आलो’, ‘मी आले’ या रूपांतही लिंग उघड होते. म्हणून अज्ञात व्यक्तीचे लिंग झाकावयाचे असल्यास मराठी लेखक निराळी वाट धरतो. ‘कोणीतरी पत्र जाळले’ या वाक्यात क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे चालते. कर्ता पुरुष की स्त्री, हे कळत नाही. ‘रोज रात्री कोणी जिना उतरे’ यातील रीतिभूतकाळाचे रूपही दोन्ही लिंगांत समान आहे. अशी वाक्ये एखाद्या प्रकरणात दाटीने येऊ लागली, म्हणजे तेथे काही झाकले जात आहे असा तर्क अभ्यासकाने करावा व पुढील प्रकरणांवर तो पडताळून पाहावा.

याहून उपयुक्त साधन म्हणजे ज्ञानाच्या उगमाचे सूचक शब्द. ‘घर विकले’, ‘घर विकले असावे’ आणि ‘घर विकले म्हणे’ या तीन वाक्यांत अनुक्रमे विधान, अनुमान व ऐकीव वार्ता आहे. कादंबरीतील भूतकाळविषयक प्रत्येक वाक्य या तीन वर्गांत मांडून पाहिल्यास कुटुंबातील कोणाला काय ठाऊक होते व कोण नुसते ऐकत आले, याचा आराखडा हाती येतो. पहिल्या प्रकरणात ‘म्हणे’ने सांगितलेली गोष्ट पुढे निःसंदिग्ध विधान म्हणून कोणाच्या मुखी येते, हे पाहण्याजोगे असते. पुष्कळदा रहस्याचा धनी तेथेच सापडतो.

या पद्धतीने पाहू जाता एक सामाजिक सत्यही समोर येते. मराठी नावाच्या मधोमध पित्याचे वा पतीचे नाव असते. शिवाय विवाहानंतर वधूचे पहिले नावही बदलण्याची चाल अनेक घराण्यांत होती. तेथे एकाच स्त्रीचे नाव, मधले नाव व आडनाव ही तिन्ही पालटत आणि कागदोपत्री ती दुसरीच व्यक्ती होई. अशा घराण्याची कथा सांगणाऱ्या लेखकाला वेषांतराची योजना करावी लागत नाही. रूढीने ती आधीच केलेली असते. म्हणून कुलरहस्याच्या कादंबरीचा अभ्यास करताना ‘अपराधी कोण’ या प्रश्नाबरोबर ‘कोणाचे नाव पुसले गेले’ हाही प्रश्न विचारला पाहिजे. तो विचारला की ‘लोकप्रिय’ म्हणून बाजूला सारलेले हे वाङ्मय भाषेच्या व समाजाच्या अभ्यासाचे गंभीर साधन ठरते.