मुलांची वही कानाने वाचूया



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत मी सहज विचारलं, "तुमच्या मुलाने या आठवड्यात वहीत काय लिहिलं?" सगळ्या गप्प. मग एक ताई म्हणाल्या, "मॅडम, मी रोज वही उघडून बघते. पण सरळ धरली की उलटी, एवढंच कळतं मला." सगळ्या हसल्या. त्या मात्र हसल्या नाहीत.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सात वर्षांवरच्या १०० मुली-महिलांपैकी सुमारे ७६ साक्षर होत्या. म्हणजे जवळपास २४ जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. यात आपण लाजायचं कारण नाही. शाळेतच घातलं नाही, तर येणार कुठून? पण त्यामुळे आई मुलाच्या अभ्यासापासून लांब राहते. "मला काय कळतंय त्यातलं" म्हणत पालकसभेलाही जात नाही.

यावर एक सोपा उपाय घरातच आहे, तो म्हणजे मोबाईल. मुलाने स्वतः लिहिलेलं स्वतःच वाचायचं, ते फोनवर रेकॉर्ड करायचं आणि आपण ऐकायचं.

फायदा काय?

मूल आपलं लिखाण मोठ्याने वाचतं, तेव्हा सुटलेला शब्द त्याच्याच जिभेला अडतो. मग ते स्वतःच पेन्सिल घेऊन दुरुस्त करतं. ऐकणारं कुणीतरी आहे म्हटल्यावर लिहायला हुरूप येतो. आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या बापाला फडात वही दाखवता येत नाही, पण लेकीचा आवाज पाठवता येतो.

कसं करायचं?

१. विषय रोजचाच घ्या. आमची शेळी, आजीची भाकरी, पहिला पाऊस. चार-पाच ओळी पुरे. बोलीतले शब्द आले तर येऊ द्या.

२. पंखा, टीव्ही बंद करा. फोन तोंडापासून वीतभर लांब धरा. बहुतेक फोनचा माईक खाली चार्जिंगच्या जागेजवळ असतो, त्या बारीक छिद्रावर बोट ठेवू नका.

३. फोनमधलं 'रेकॉर्डर' उघडून लाल बटण दाबा. याला नेट लागत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर माईकचं चिन्ह दाबून वर सरकवा, म्हणजे बोट सोडलं तरी रेकॉर्डिंग चालू राहतं.

४. सुरुवातीला मुलाला तारीख बोलायला सांगा. जूनचं आणि दिवाळीचं रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकलं की प्रगती आपोआप कळते.

ज्यांच्याकडे बटणाचा साधा फोन आहे, त्यांनी गटातल्या एखादीचा फोन वापरावा.

ऐकून झालं की चुका काढू नका. "मग पुढे काय झालं?" एवढंच विचारा. त्याच्या उत्तरातून वहीतली पुढची ओळ तयार होते.

माझी चूक तुम्ही करू नका

एकदा एका मुलीचं रेकॉर्डिंग मी तिला न विचारता, आधी पूर्ण न ऐकता बैठकीत लावलं. त्यात तिने घरातल्या दारूच्या भांडणाबद्दल लिहिलं होतं. मी पटकन बंद केलं, पण तिची आई समोरच बसली होती. मी दोघींची माफी मागितली. तरी पुढचे दोन महिने त्या मुलीने एकही रेकॉर्डिंग दिलं नाही.

म्हणून आधी स्वतः पूर्ण ऐका. दुसऱ्यांना ऐकवायचं असेल तर मुलाला विचारा. ते नाही म्हणालं तर नाही. आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर टाकूच नका. एकदा पुढे गेलेला आवाज परत घेता येत नाही.

शाळेतही बोला

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. तिथे गेल्यावर नुसती सही किंवा अंगठा देऊन परत येऊ नका. "माझी मुलगी सुरुवात छान करते, पण गोष्ट मध्येच सोडते," हे तुम्ही गुरुजींना सांगू शकता, कारण तुम्ही ते ऐकलेलं असेल.

त्या वहीवाल्या ताई परवा भेटल्या. म्हणाल्या, "मॅडम, पोराने माझ्यावरच लिहिलंय. मी चुलीपाशी काय गाणं म्हणते, ते त्याला पाठ आहे." यावेळी मात्र त्या हसत होत्या.

पुढच्या बैठकीला येण्याआधी प्रत्येकीने घरी एक तरी रेकॉर्डिंग ऐकून या. ऐकवायलाच हवं असं नाही, काय ऐकलं तेवढं सांगा.

– तुमची क्षेत्र समन्वयक