ओसरी ते ओसरी : सह्याद्रीतली तीन दिवसांची वाट

मुलाबाळांना घेऊन डोंगरात जायचे म्हटले की आपल्या घरांत तीन प्रश्न निघतात. मुक्काम कुठे? खाण्याचे काय? आणि आपली नावे ऐकून लोक घरात घेतील का? तिसरा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही, पण मुलींची परवानगी बहुधा तिथेच अडते.

युरोपातल्या आल्प्स पर्वतात पायी फिरणाऱ्यांसाठी जागोजागी निवारे बांधलेले आहेत. आपल्या सह्याद्रीत ते काम गावातली घरे करतात. अकोले तालुक्यातली रतनगड ते हरिश्चंद्रगड ही अशीच वाट. पहिला मुक्काम रतनवाडीत, दुसरा कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतला, तिसरा पाचनईत. तिथून १४२४ मीटर उंचीचा हरिश्चंद्रगड चढायचा.

आम्ही दोन कुटुंबे नावडे रोड स्टेशनवरून दिवा, कल्याण करत कसाऱ्याला पोहोचलो, पुढे जीप. कुमशेतला एका महादेव कोळी कुटुंबाकडे उतरलो. दारातच नावे सांगितली. घरच्या मावशी म्हणाल्या, "पोरी दमल्यात, आधी पाणी घ्या." रात्री मुली त्यांच्याजवळ आत झोपल्या, पुरुष ओसरीवर. जेवायला पिठले, भाकरी आणि ठेचा. हलाल-हरामची शंकाच नाही. नमाजसाठी त्यांनी कोपरा झाडून दिला. उन्हाळ्यात या भागातल्या बायांना पाणी लांबून आणावे लागते, हे ऐकल्यावर आमच्या मुलींनी एका तांब्यात वजू उरकला. गडावर मोबाइलला रेंज नव्हती, पण कोकणकड्याने पश्चिम दाखवली.

जाणाऱ्यांसाठी थोडे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. पावसाळ्यात खिंडीची वाट निसरडी होते. वाटाड्या गावातलाच घ्यावा. किती माणसे येणार ते आधी फोनवर सांगावे, दर तेव्हाच ठरवावा आणि घासाघीस करू नये. इथली शेती पावसावरची. भातकापणी झाली की अनेकांना मजुरीसाठी गाव सोडावे लागते. वाटसरूंच्या पैशाने कुणाचे तरी घर उघडे राहते. हा सारा भाग १९८६ पासून अभयारण्य आहे, तेव्हा प्लास्टिक आपल्यासोबत परत आणावे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरी बसून मिळत नाही. नाव सांगून दारात उभे राहावे लागते. आमच्या मुलींना ते मिळाले. इन्शाअल्लाह, तुमच्याही मुलींना मिळेल.