‘तुंबाड’ची आजी आणि सात जणांची शपथ

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना शिवरे मागे पडलं की पुढे कापूरहोळला फाटे फुटतात. उजवा रस्ता भोरला जातो, डावा नारायणपूरवरून सासवडला. दोन्ही गावांत जुने वाडे आहेत आणि दोन्हींवर सिनेमावाल्यांचा जीव आहे. २०१८च्या ‘तुंबाड’मधला वाडा सासवडचा, पुरंदऱ्यांचा.

त्या सिनेमातली साखळदंडाने बांधलेली म्हातारी लांबून आली आहे. स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या कथेत अंथरुणाला खिळलेली आजी आणि घरात तिच्यासोबत एकटा राहिलेला मुलगा आहे. भयकथालेखक नारायण धारप (१९२५–२००८) यांनी ती ‘आजी’ म्हणून मराठीत आणली. नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने ती ‘तुंबाड’चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना ऐकवली आणि १९९७मध्ये त्यांनी पटकथेचा पहिला खर्डा लिहिला.

धारपांवर उसनवारीचा आरोप जुनाच आहे, आणि तो खोटा नाही. ‘लुचाई’मागे किंगची ‘सेलम्स लॉट’ आहे, ‘शपथ’मागे १९८६ची ‘इट’. पण अमेरिकी गावातलं भय मराठी घरात नांदतं करणं हे नुसत्या भाषांतराचं काम नव्हे. वाचनालयातून आणलेली त्यांची पुस्तकं रात्री दिवा चालू ठेवून वाचणाऱ्यांना मूळ कुठलं याची फिकीर नव्हती.

अशा कथांना डार्क फँटसी म्हणतात; ती नुसती भुताची गोष्ट नसते, हे ‘इट’वरून चांगलं कळतं. डेरी नावाच्या गावात मुलं मारली जातात. मारणारं कोण, हे रहस्य. सात मुलं त्या शक्तीला हरवतात आणि ती परतली तर आपणही परतायचं, अशी शपथ घेतात. सत्तावीस वर्षांनी ती परतते. तोवर गाव सोडून गेलेले सगळं विसरलेले असतात. गावातच राहिलेला ग्रंथपाल माइक फोन करून एकेकाला बोलावतो. बेव्हर्लीने आधी बापाचा मार खाल्लेला, मग नवऱ्याचा. तिला लहानपणी निनावी कविता पाठवणारा बेन अजूनही तिच्यावर प्रेम करतो. विदूषकाच्या रूपात येणारी ती शक्ती भयंकर आहेच, पण बेव्हर्लीच्या घरातली माणसं जास्त खरी वाटतात.

मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२मध्ये आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, शेवटी माणसांशी पुन्हा जोडलं जाणं. किंगची कादंबरी सहा वर्षं आधीची, तरी तिची वाट बरीचशी हीच. फरक इतकाच, की सुरक्षितता तिथे कधीच मिळत नाही.

‘तुंबाड’मधल्या विनायकाला असं मित्रमंडळच नाही. लहानपणी भाऊ गेला, आईने गाव सोडायला लावलं. मोठेपणी तो सोन्यासाठी त्याच वाड्यात परततो आणि पुढे मुलालाही तिथे नेतो. बायको, घर, सगळं त्या हव्यासाखाली दबतं. अखेरीस तो मुलगा, पांडुरंग, बापाने पुढे केलेलं सोनं नाकारतो. वारशाने आलेली जखम मोडायला एका पोराचा नकार लागला. बाप मात्र सुटला नाही.

‘इट’मध्ये जिंकलेले सुटतात, पण हळूहळू पुन्हा सारं विसरतात, अगदी एकमेकांची नावंसुद्धा. इथे किंग हर्मनबाईंच्या उलट टोकाला जातो. त्यांच्या मते बरं होण्यासाठी आठवणी जुळवाव्या लागतात. किंगची माणसं त्या गमावून पुढे जातात, आणि बेन-बेव्हर्ली तरीही एकत्र असतात.