नियमानंतरची बातमी

सकाळी 6. बीडहून धारूरकडे जाणारी एसटी. ऊसतोडीच्या टोळ्या नुकत्याच परतल्या आहेत; बाया घरी भेटतात त्या याच दिवसांत.

8.30. ओसरीवर तिशीतली बाई कॅरीबॅग उपडी करते. सोनोग्राफीचा अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड. अंगावरून पांढरं जायचं, डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातली. "दादा, एक खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. फडात ना पाणी, ना आडोसा. काढून टाकली पिशवी." ऑपरेशनचे पैसे मुकादमाचेच, पुढच्या उचलीतून फेडलेले. आता मोळी उचलताना कंबर धरते. मी कागदांचे फोटो घेतो, कार्डावरची तारीख वहीत उतरवतो. नाव छापणार नाही, हे दोनदा सांगतो.

11. परतीचा प्रवास. ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्या जातात, हे गावोगावी सगळ्यांना ठाऊक होतं. एप्रिल 2019 मध्ये ते वर्तमानपत्रात आलं, महिला आयोगानं दखल घेतली आणि जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांना विधान परिषदेत सांगावं लागलं: बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 गर्भाशयं काढली गेली. चौकशीसाठी नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीपुढे पाहणी आली. 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली. आकडा सभागृहात नोंदला गेला की 'आम्हाला कल्पना नव्हती' म्हणायची सोय संपते. बातमीची खरी ताकद मला तिथं दिसते. खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली ती बातमी आल्यानंतरच.

वहीतली तारीख त्या नियमानंतरची आहे.

1. माहिती अधिकाराचा अर्ज. 'परवानगी का दिली?' असं विचारलं तर उत्तर येत नाही. नोंदवहीची प्रत मागायची. मागितलेल्या, दिलेल्या, नाकारलेल्या परवानग्या, बाईचं वय, कारण, नावं झाकून. आवक शिक्का घेतो. मुदत 30 दिवस.

4. रुग्णालयाची बाजू हवीच. परवानगी घेतली होती का, एवढाच प्रश्न. "कागद बघून सांगतो." प्रश्न लेखीही पाठवतो.

6. डेस्कला मथळ्यात 'रॅकेट' हवंय. माझ्या हातात एका बाईचे कागद आहेत, त्यातून रॅकेट सिद्ध होत नाही. नोंदवही येईपर्यंत बातमी थांबवतो. घाईत एक शब्द चुकला, तर तेवढ्यावर बोट ठेवून अख्खं प्रकरण गुंडाळलं जातं, आणि ते या बायांना परवडणारं नाही.

रात्री 9. मुकादमाला फोन. खाडा अजून कापता? "कापावाच लागतो. कारखाना मला सोडतो का?"

म्हणजे नियमानं ऑपरेशनला आडकाठी घातली, ऑपरेशनपर्यंत नेणारं कारण तसंच राहिलं. पुढचा हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या तळावर जायचं: किती कोप्या, किती संडास, पाण्याचा नळ किती अंतरावर, सगळं मोजून आणायचं.