नोंद होण्यापूर्वींची तपासणी

पाटीवरची चूक बोटानें पुसतां येते. वहींत उतरलेली खोडावी लागते, आणि वही दुसऱ्याच्या हातीं गेल्यावर खोडण्याचीहि सोय राहत नाहीं. संगणकासाठीं प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींचा अनुभव याहून वेगळा नाहीं. 'प्री-कमिट हुक' नांवाची जी लहानशी युक्ति त्यांच्यांत रूढ आहे, ती पाटी आणि वही यांच्या मधला क्षण साधते.

मोठा प्रोग्राम बहुधा एकट्याच्या हातचा नसतो. एकाच मजकुरावर अनेक हात फिरतात; म्हणून कोणी, केव्हां, काय बदललें याची चोख नोंद ठेवणारें साधन लागतें. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं 'गिट' हें असें साधन निर्माण केलें. लेखक आपल्या बदलांपैकीं नोंदवावयाचे तेवढे निवडून बाजूस काढतो व 'कमिट' ही आज्ञा देतो; त्यासरशी ते दप्तरीं दाखल होतात.

मात्र आज्ञा आणि नोंद यांच्यामध्यें गिट क्षणभर थांबतें. दप्तराच्या एका लपविलेल्या कप्प्यांत 'हुक्स' नांवाचा पोटकप्पा असतो. तेथें 'प्री-कमिट' या नांवाचा छोटासा प्रोग्राम ठेवलेला आढळला, तर गिट तो आधीं चालवून पाहतें. त्यानें शेवटीं शून्य हा अंक परत दिला तर सर्व ठीक. दुसरा कोणताहि अंक आला कीं नोंद रद्द. शून्य मिळविणारा उत्तीर्ण, ही रीत शाळेंत शिकलेल्यांस चमत्कारिक वाटेल. पण निर्दोषपणा एकाच प्रकारचा असतो आणि दोष नाना प्रकारचे, तेव्हां उरलेले अंक दोषांना वांटून देणें सोयीचें पडतें.

एका ओळीची चूक काय करूं शकते, हें २०१४ च्या फेब्रुवारींत जगानें पाहिलें. ॲपल कंपनीच्या आयफोनमध्यें दूरच्या संगणकाची ओळख पटवून घेणारा जो भाग होता, त्यांत 'गोटू फेल', म्हणजे 'अपयशाच्या जागीं जा', ही ओळ लागोपाठ दोनदां पडली होती. पहिली एका अटीच्या ताब्यांत होती; दुसरीला अट नव्हतीच. डावीकडे तितकाच समास सोडून ती पहिलीखालीं नीट मांडलेली असल्यामुळें वाचणाऱ्यास ती अटींतलीच भासे. यंत्रास समास कळत नाहीं. परिणामीं सहीची खरी पडताळणी वगळून काम थेट शेवटास जाई, आणि तोंवर कांहीं बिघडलेलें नसल्यानें 'ठीक आहे' असाच निर्वाळा मिळे. मध्येंच बसलेल्या एखाद्या भामट्यास बँकेचें सोंग घेऊन फसविण्यास एवढें पुरेसें होतें. त्या महिन्याच्या २१ तारखेस दुरुस्ती निघाली.

ही चूक हुडकण्यास विद्वत्ता लागत नव्हती. जेथवर काम कधींच पोंचणार नाहीं अशा ओळी दाखविणारी सूचना 'क्लँग' या कंपायलरमध्यें होती. परंतु मुद्दाम मागितल्यावांचून ती मिळत नसे. फसव्या समासावर बोट ठेवणारी सूचना 'जीसीसी' या कंपायलरच्या सहाव्या आवृत्तींत २०१६ सालीं आली. असल्या सूचना मागणें माणसाच्या आठवणीवर सोंपविलें, तर घाईच्या दिवशीं तें हमखास राहून जातें. हुक ती मागणी दर नोंदीच्या वेळीं न चुकतां करतो.

कांहीं चुका तर मागाहून पुसल्याहि जात नाहींत. गुप्त किल्ली मजकुरांत राहून एकदां नोंदली गेली, कीं दुसऱ्या दिवशीं ती ओळ काढूनहि जुन्या नोंदींत ती जशीच्या तशी असते. दप्तर इतरांकडे गेलें असेल, तर ती किल्लीच बाद करावी लागते. 'प्री-कमिट' याच नांवाचें एक साधन पुढें निघालें आहे. त्याच्या यादींत एक ओळ लिहिली कीं अशा किल्ल्या शोधणारी तपासणी चालूं होते. ५०० किलोबाइटांहून मोठ्या नव्या फायली अडविणारीहि आहे.

पण हा पहारा सक्तीचा नव्हे. 'नो-व्हेरिफाय' असें म्हणून लेखक त्यास टाळूं शकतो, आणि तपासणीस मिनिटेंच्या मिनिटें लागूं लागलीं तर तो टाळतोच. शिवाय दप्तराची प्रत घेतांना हुक सोबत येत नाहीं. परक्याचा प्रोग्राम न विचारतां आपल्या यंत्रावर चालूं नये, म्हणून तें योग्यच आहे. याकरितां त्याच तपासण्या सामाईक यंत्रावर पुन्हां केल्या जातात.

स्वतः हुक लिहिणाऱ्याची आणखी एक फसगत होते. नोंद होते ती निवडलेल्या बदलांची, आणि हुक वाचतो ती मेजावरची फाईल. निवड केल्यावर लेखकानें तींत दुरुस्ती केली असेल, तर तपासला जातो एक मजकूर आणि दप्तरीं जातो दुसराच. वर सांगितलेलें साधन न निवडलेले बदल तपासणीपुरते बाजूस ठेवतें आणि ती आटोपल्यावर पुन्हां जागच्या जागीं आणून देतें.