पडद्यावरची बाग आणि अण्णांची बाग



सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, चाळिशी केव्हाच ओलांडली आहे, आणि तरीही २०२३ सालच्या दिवाळीच्या सुटीत मी रोज रात्री दोन-दोन तास संगणकावर शेती करत होतो!

खेळाचे नाव ‘स्टारड्यू व्हॅली’. तो घरात आणला आमच्या चिरंजीवांनी. ते तेव्हा आठवीत होते. “बाबा, नुसतं बघा तरी,” असा आग्रह झाला म्हणून बसलो, तो बसूनच राहिलो. त्याला कारणही तसेच होते. मी मूळचा निफाड तालुक्यातला. आमची वडिलोपार्जित दोन एकर द्राक्षबाग थोरले बंधू, म्हणजे अण्णा, सांभाळतात. मी शिकलो, नाशिकला नोकरीस लागलो आणि मातीशी संबंध सुटीपुरता उरला. या खेळात कचेरीच्या कामाला विटलेला एक तरुण आजोबांनी मागे ठेवलेल्या शेतावर परत जातो. माझ्यासारख्याला हा खेळ का आवडावा, हे वेगळे सांगायला नको.

खेळ कसा आहे?

शेतीचे असे खेळ नवे नाहीत. जपानमध्ये यासुहिरो वाडा यांचा ‘हार्वेस्ट मून’ हा खेळ १९९६ साली निघाला. त्यावरून स्फूर्ती घेऊन अमेरिकेतील एरिक बॅरोन या तरुणाने सुमारे साडेचार वर्षे एकट्याने काम करून ‘स्टारड्यू व्हॅली’ तयार केला. चित्रे त्याची, संगीत त्याचे आणि संगणकाची आज्ञावलीही त्याचीच. फेब्रुवारी २०१६ मध्ये खेळ बाजारात आला आणि पुढे जगभर त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या.

खेळातील वर्षात चार ऋतू असतात आणि प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा असतो. म्हणजे वर्ष झाले ११२ दिवसांचे. खेळातला एक पूर्ण दिवस आपल्या घड्याळाच्या सुमारे १४ मिनिटांत संपतो. आता गुणाकार करा: ११२ × १४ = १५६८ मिनिटे, म्हणजे जेमतेम २६ तास. आपल्या एका दिवसाहून थोड्या अधिक वेळात तेथे वर्ष उलटते! द्राक्षाचा वेल लावल्यापासून दहाव्या दिवशी घड तयार होतो आणि मग दर तीन दिवसांनी पुन्हा लागतो. आपल्याकडे नवी बाग लावल्यावर पहिले पीक हाती यायला दीड-दोन वर्षे जातात. त्यानंतरही एप्रिलची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी, आणि तेथून पुढे सुमारे चार महिन्यांनी काढणी.

खेळात रोज पाणी घालावे, पाखरांसाठी बुजगावणे उभे करावे, माल पेटीत टाकावा. सकाळी पैसे जमा! जेवढे कष्ट, तेवढे फळ, आणि तेही हमखास. दिवसभराची कामे आटोपल्यावर मला त्यात विलक्षण समाधान वाटे.

ती रविवारची रात्र

२६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक जिल्ह्याच्या बऱ्याच भागांत अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. रात्री अण्णांचा फोन आला, तेव्हा माझ्या पडद्यावरच्या शेतात द्राक्षे तोडणीला आली होती.

“बाग गेली रे,” अण्णा म्हणाले. “मणी आत्ता कुठे बाजरीएवढे झाले होते. वीस मिनिटांत सगळं खाली.”

मला काय बोलावे ते सुचेना. फोन ठेवला आणि समोर पाहिले, तर पडद्यावर घड लखलखत होते. संगणक बंद केला. त्यानंतर जवळजवळ दोन महिने तो खेळ मी उघडला नाही. ज्या गोष्टीची आपण करमणूक करतो, तीच आपल्या भावाच्या जिवावर बेतते, ही जाणीव बोचत राहिली.

संक्रांतीला अण्णा नाशिकला आले. पुतण्याने त्यांना हौसेने खेळ दाखवला. अण्णांनी चष्मा लावला, नीट पाहिले आणि तीन प्रश्न विचारले.

“याला औषध कधी मारायचं?”

“काका, इथे पिकांना रोगच पडत नाही.”

“उद्याचा पाऊस कसा कळतो?”

“टीव्ही लावायचा. तो सांगतो तसंच होतं.”

“आणि भाव कोण काढतं?”

“भाव ठरलेलाच असतो. एक घड ऐंशी मोहरा. हजार घड विकले तरी ऐंशीच.”

यावर अण्णा काय म्हणाले, ते शेवटी सांगतो. आधी हे प्रश्न विज्ञानाच्या नजरेने पाहू.

गाळलेल्या गोष्टी

तुमच्या पुस्तकातील गणिते आठवा. ‘एक गुळगुळीत उतार आहे, घर्षण शून्य माना.’ असा उतार जगात कोठेच नसतो. मग हे खोटे म्हणायचे का? नाही. मुख्य गोष्ट कळावी म्हणून आपण बाकीच्या गोष्टी तात्पुरत्या बाजूला ठेवतो. अशा सोप्या केलेल्या रूपाला शास्त्रात ‘प्रतिमान’ म्हणतात. प्रतिमान वापरण्याची अट एकच: काय गाळले आहे, ते विसरायचे नाही. घर्षण शून्य मानून सोडवलेल्या गणितावर विसंबून कोणी घाटातल्या गाडीचे ब्रेक काढून टाकीत नाही!

शेतीचा खेळ हेही एक प्रतिमान आहे. त्यातून काय गाळले आहे, ते अण्णांनी तीन प्रश्नांत दाखवून दिले. भुरी आणि डाऊनी हे द्राक्षावरचे रोग गाळले, हे उघडच आहे. उरलेल्या दोन गोष्टी अधिक खोल आहेत.

पहिली, हवामान. १९६१ साली अमेरिकेतील हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ संगणकावर हवामानाचे एक प्रतिमान चालवत होते. एकदा त्यांनी ०.५०६१२७ या आकड्याऐवजी सोयीसाठी ०.५०६ एवढाच आकडा दिला. फरक अगदी क्षुल्लक. परंतु थोड्याच काळात दोन्ही उत्तरे एकमेकांपासून पार दूर गेली! हवेच्या आजच्या स्थितीत मोजमापाची बारीकशी चूक राहिली, तरी ती दिवसांगणिक वाढत जाते, हा त्याचा अर्थ. म्हणून हवामान खाते शक्यतेच्या भाषेत बोलते. पाऊस येण्याची चिन्हे आधी सांगता येतात; गारांचा पट्टा नेमका कोणाच्या बांधावरून जाईल, हे सांगणे फार अवघड असते. खेळातला टीव्ही मात्र कधी चुकत नाही, कारण उद्याचे हवामान संगणकानेच ठरवलेले असते.

दुसरी, भाव. येथे पदार्थविज्ञानातील एक कल्पना उपयोगी पडते. न्हाणीघरात गीझरचा नळ सोडला की पाणी गार येते. आपण नळ आणखी फिरवतो. गरम पाणी नळीतून यायला वेळ लागतो, तोवर आपण तो फारच फिरवलेला असतो, आणि मग चटका! घाईने उलट फिरवले की पुन्हा गार. परिणाम पाहून आपण कृती सुधारतो, याला ‘प्रत्याभरण’ म्हणतात. ते उशिरा पोहोचले तर सुधारणा होण्याऐवजी हेलकावे सुरू होतात.

कांद्याचे असेच आहे. भाव चढलेला पाहून पुष्कळ जण कांदा लावतात. रोप टाकण्यापासून काढणीपर्यंत काही महिने जातात. सगळ्यांचा माल एकदमच लासलगावच्या बाजारात येतो आणि भाव कोसळतो. पुढच्या हंगामात लागवड घटते, मग भाव पुन्हा चढतो. अर्थशास्त्रज्ञ या हेलकाव्यांची आकृती काढतात, ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. तिचे नावही तेच पडले आहे. त्यातच अवकाळी पाऊस आणि निर्यातीचे बदलते नियम यांची भर पडते. २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले होते; ती रक्कम त्यांनी मनीऑर्डरने थेट पंतप्रधानांना पाठवून दिली. आणि वर्षभराने, २०१९ च्या डिसेंबरात, कित्येक शहरांत एक किलो कांद्याला शंभर रुपयांहून अधिक मोजावे लागत होते! पीक तेच, कष्ट तेच. खेळातल्या ऐंशी मोहरा मात्र ढळत नाहीत.

अण्णांचा निवाडा

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकून अण्णा थोडा वेळ गप्प बसले. ‘हा कसला पोरखेळ,’ असे ते म्हणणार, अशी माझी अटकळ होती. ते म्हणाले, “उद्याचा पाऊस आज कळतो आणि भाव हलत नाही? मग सरक. मला दे इकडे.”

आणि तासभर अण्णांनी द्राक्षे लावली!

तेव्हा माझ्या मनातला गुंता बराच सुटला. खेळातून जे गाळले आहे, ते आळसाने गाळलेले नाही. शेतकऱ्याची झोप उडवणाऱ्या गोष्टीच नेमक्या वगळल्या आहेत, म्हणून तर तो गोड लागतो. शेतकऱ्याला काय हवे असते, त्याची जणू ती यादीच आहे. ‘शेती म्हणजे एवढेच’ असे समजून शहरातली मुले उठली, तर मात्र तो खेळ अण्णांवर अन्याय करील.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. गार हा निसर्गाचा नियम; ती थांबवणे आज आपल्या हाती नाही. भावाचे हेलकावे मात्र माणसांच्या व्यवहारातून निर्माण होतात, तेव्हा ते कमी करणेही माणसांच्या हाती आहे. माल टिकवता आला, तर सगळ्यांना एकाच दिवशी विकावा लागत नाही. कांद्याची चाळ त्यासाठीच असते. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे केंद्र २००२ साली सुरू झाले. तेथे कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण कांद्यावर सोडतात. त्यामुळे साठवणीत कांद्याला मोड येत नाहीत. द्राक्षांचा बेदाणा करतात, तोही माल टिकवण्यासाठीच. तुमच्यापैकी कोणी उद्या साठवणुकीची याहून स्वस्त रीत शोधील, तर अण्णांच्या तिसऱ्या प्रश्नाचे थोडे तरी उत्तर दिल्यासारखे होईल.

करून पहा

वर्गात चौघे जण बसा. प्रत्येकाची चार वावरे. दर हंगामात किती वावरांत कांदा लावायचा, ते प्रत्येकाने गुपचूप चिठ्ठीवर लिहावे; उरलेल्या वावरांत बाजरी. चिठ्ठ्या उघडल्यावर प्रत्येकाने फासा टाकावा. एक पडला, तर गारपीट! त्याचा कांदा गेला, तो मोजायचा नाही. आता उरलेली कांद्याची सर्व वावरे मोजा आणि ती संख्या १६ मधून वजा करा. उत्तर येईल तो एका वावराच्या कांद्याचा भाव. बाजरीला दर वावरी नेहमीच ६.

असे दहा हंगाम खेळा आणि आलेख कागदावर कांद्याचा भाव मांडा. नंतर आणखी दहा हंगाम खेळा, पण आता प्रत्येकाला एक चाळ द्या: एका वावराचा कांदा विक्रीतून वगळून पुढच्या हंगामासाठी ठेवण्याची मुभा. दोन्ही आलेख शेजारी ठेवून पहा. हेलकावे कमी झाले का? झाले नसतील, तर चाळीचा नियम कसा बदलाल?

शाळेतल्या कोणाच्या घरी शेती असेल, तर त्याला परीक्षक नेमा. तुमच्या खेळातून काय गाळले आहे, ते तोच नेमके सांगेल.