घरांतील सशास एके जागीं मलमूत्र टाकण्याची संवय

बैल, म्हैस, शेळी यांची व्यवस्था शेतकऱ्यास शिकवावयास नको. ससा मात्र आपल्या घरांत नवा पाहुणा आहे. गेल्या वर्षीं आमच्या नातीसाठीं सशाची एक पांढरी मादी घरीं आणिली. महिनाभरांत ओसरीपासून देवघरापर्यंत लेंड्या व मुताचे डाग पडूं लागले, आणि तिला परत देण्याचें जवळजवळ ठरलें. त्यानंतर आम्हीं जें शिकलों, तें वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथें देतों.

प्रथम एक भेद ध्यानांत ठेवावा. आपल्या शिवारांतील ससा उघड्या रानांत राहणारा असून, त्यास धरून पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे. पाळीव ससा हा युरोपांतील बिळांत कळपानें राहणाऱ्या सशाचा वंशज होय. तो ठराविक जागीं मलमूत्र टाकतो. म्हणजे संवय त्याच्या अंगचीच आहे. आपण केवळ जागा नेमून द्यावयाची.

सुरुवातीस त्यास लहान जागेंत ठेवावें व तो कोणता कोंपरा धरतो तें पाहावें. त्याच कोंपऱ्यांत, त्यास आंत बसून सहज वळतां येईल असें पसरट घमेलें ठेवावें. तळाशीं जुन्या वर्तमानपत्रांचा जाड थर देऊन वर वाळलेलें गवत पसरावें, व खाण्याचें गवतही घमेल्याच्या एका टोकासच ठेवावें. ससा खातां खातां लेंड्या टाकतो. या युक्तीचें मर्म तेंच आहे. देवदार वा चीड यांचा भुसा, तसेंच ओली होतांच गोळा होणारी मांजराची माती वापरूं नये. त्यांपासून सशास अपाय होतो.

बाहेर पडलेल्या लेंड्या उचलून घमेल्यांत टाकाव्या. मूत कागदानें टिपून तो कागदही त्यांतच ठेवावा, आणि जमीन पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यानें पुसावी. वास राहिल्यास ससा पुन्हा तेथेंच जातो. ओला थर रोज बदलावा, पण थोडा जुना कागद राहूं द्यावा. संवय जडली म्हणजे फिरण्याची जागा हळूहळू वाढवावी.

वयांत आलेला ससा आपली हद्द दाखविण्यासाठीं मूत शिंपडतो. मग घमेलें कितीही नीट ठेविलें तरी निभाव लागत नाहीं. सशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून नसबंदी करून घेतल्यास ही खोड बहुधा जाते. मादीस गर्भाशयाच्या कर्करोगाचें भयही राहत नाहीं.

आतां आमची चूक सांगतों. आरंभीं आम्हीं काठी आपटून तिला दटाविलें. ती कपाटामागें दडली. सकाळपर्यंत गवतास तोंड लाविलें नाहीं, कीं एक लेंडी टाकिली नाहीं. पशुवैद्यांनीं सांगितलें कीं, ससा अर्धा दिवस न खाल्ल्यास त्याचीं आंतडीं मंदावतात व जीव धोक्यांत येतो. वेळेवर उपचार झाले म्हणून ती वांचली. नातीनें आमच्याशीं दोन दिवस अबोला धरिला, तो योग्यच होता. तेव्हांपासून घरांत काठी नाहीं. चूक दिसली तर मुकाट्यानें पुसून टाकावी, एवढाच नियम.

आज मादी घरांतच आहे. घमेल्यांतील गवत व कागद उकिरड्यावर जातात, लेंड्या तुळशीस व मोगऱ्यास पडतात. ज्यास आपण उपद्रव म्हणत होतों, तें खत निघालें. फक्त त्याची जागा आधीं आपणांस ठाऊक नव्हती.